म्हाताऱ्या ताऱ्यांनी सोडलेला गॅस जातो कुठे?

प्रश्न: लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये (अब्जावधी ताऱ्यांच्या अंडाकृती समूहांमध्ये) नवीन तारे फारसे बनत नाहीत असं वाचलं. पण तिथले म्हातारे तारे गॅस सोडतातच ना? मग तो जातो कुठे? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अगदी मुद्द्याचं विचारलंत, या हिशेबाने शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळलंय. मोठ्या दीर्घिकेत सगळे म्हातारे तारे मिळून वर्षाला साधारण एका सूर्याएवढा गॅस सोडतात, म्हणजे एवढ्या अब्जावधी वर्षांत किती साठायला हवा बघा, आणि साध्या दुर्बिणीतून पाहिलं तर आत काहीच दिसत नाही! गॅस असतो, पण भयंकर तापलेला. तिथले तारे आपल्या आकाशगंगेसारखे चकतीत एका दिशेने फिरत नाहीत, कोणीही कुठूनही सेकंदाला २००-३०० किमीने जातो, त्यांचा गॅस एकमेकांवर आदळतो, वर अधूनमधून सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट होतात, मग तापमान ५० लाख ते १ कोटी अंशांवर जातं आणि तो एक्स-रेमध्ये चमकतो. १९७८ मध्ये एक्स-रे टिपणारा आइनस्टाइन उपग्रह वर गेला, त्यानंतर तो नीट दिसायला लागला.

पुढचं सगळं दीर्घिकेच्या वजनावर. लहान असेल तर गुरुत्वाकर्षण कमी पडतं आणि गॅस वारा होऊन बाहेर निघून जातो. कधी कधी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातून वारा सुटतो आणि केंद्राजवळचा गॅस मात्र थंड होत आत सरकतो, एकाच दीर्घिकेत दोन्ही!

मोठ्या दीर्घिकांची गंमत वेगळीच. कन्या राशीतली एम ८७ घ्या, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरची. तिच्या मध्यावर गॅस दाट, म्हणजे तो निवून भराभर तारे बनायला हवेत, पण तिथे बसलंय ६५० कोटी सूर्यांचं कृष्णविवर. थोडा गॅस त्यात पडू लागला की त्याच्या अगदी जवळून वेगवान कणांचा झोत सुटतो (हा झोत अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कर्टिसने १९१८ लाच पाहिला होता), झोत गॅसमध्ये मोठाले बुडबुडे फुगवतो, आणि पिठलं रटरटताना बुडबुडा जसा तळातलं पिठलं वर उचलतो तसे हे बुडबुडे मधला गार गॅस वर ओढून नेतात, आजूबाजूचाही तापवतात. गॅस तापला की कृष्णविवराला खाद्य कमी, झोत मंद, मग परत निवणं सुरू. असे बुडबुडे रेडिओ लहरींत दिसतात, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणी त्यासाठीच कामाच्या.

एप्रिल-मेच्या अंधाऱ्या रात्री छोट्या दुर्बिणीतूनही एम ८७ सापडते, फक्त एक धूसर गोल ठिपका. जरूर बघा.