रोमन अवशेष आणि मध्ययुगीन वारसा: दाल्मेशियात दिवस कसे वाटावेत?

आपला प्रश्न असा आहे की, रोमन साम्राज्याच्या एखाद्या जुन्या प्रांतात काही दिवस मिळाले, तर रोमन अवशेषांसाठी किती दिवस द्यावेत आणि मध्ययुगीन वास्तूंसाठी किती. मी क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचा दाल्मेशिया सुचवीन, पण तिथे अशी वाटणी करू नये, असे माझे ठाम मत आहे. स्प्लिट शहरात रोमन वास्तू आजवर उभी राहिली, ती मध्ययुगातले लोक तिच्यात राहायला आले म्हणूनच.

हे पटण्यासाठी आधी सालोना पाहावे. स्प्लिटहून पाच-सहा किलोमीटरवर, आजच्या सोलिन गावाजवळ, या प्रांताच्या राजधानीचे अवशेष आहेत आणि शहराच्या बसने तिथे जाता येते. तिथे रंगमंडलाचा (ॲम्फिथिएटरचा) पाया, प्रारंभिक ख्रिस्ती चर्चचे चौथरे आणि मानास्तिरिने येथील दफनभूमी दिसते. पण बहुतेक ठिकाणी भिंती कमरेपेक्षा उंच नाहीत. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात अवार आणि स्लाव्ह टोळ्यांपुढे सालोना पडले, त्यानंतर ते पुन्हा पूर्वीसारखे वसले नाही, आणि ओसाड शहराचे घडीव दगड आसपासच्या बांधकामांसाठी उचलले गेले. रंगमंडलाचा उरलेला भाग तर सतराव्या शतकात, तो तुर्कांच्या उपयोगी पडू नये म्हणून, व्हेनिसच्या सेनाधिकाऱ्यांनी पाडला.

सालोनाचे लोक जिथे गेले, त्या स्प्लिटची गोष्ट अगदी वेगळी आहे. इ.स. 305 मध्ये सिंहासन सोडून सम्राट डायोक्लेशियन ज्या तटबंद राजवाड्यात राहायला आला, तो सुमारे 215 मीटर लांब आणि 180 मीटर रुंद राजवाडा या निर्वासितांनी आपलासा केला. स्प्लिटचाच तेराव्या शतकातला इतिहासकार, आर्चडीकन तोमा, लिहितो की ज्यांची ऐपत होती त्यांनी आत घरे बांधली, ज्यांची नव्हती त्यांनी बुरूज घेतले आणि उरलेले लोक तळघरांत राहिले. आजही तटाच्या आत लोकांची घरे आहेत, आणि पेरिस्टाइल या मधल्या चौकात रोमन खांबांच्या कमानींमध्ये नंतरच्या घरांच्या भिंती बसवलेल्या दिसतात.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो कॅथेड्रलला. बाहेरून अष्टकोनी आणि आतून वर्तुळाकार असलेली ही इमारत मुळात डायोक्लेशियनचे समाधिमंदिर होती. सालोनाचा बिशप दोम्नियस 304 मध्ये याच सम्राटाच्या ख्रिस्तीविरोधी मोहिमेत मारला गेला, आणि पुढे याच इमारतीत त्याच्या नावाचे चर्च झाले. सम्राटाची शवपेटी मात्र आज तिथे नाही. मी आत उभा राहिलो तेव्हा घुमटाखालच्या रोमन शिल्पपट्टीवरून नजर खाली आणली, तर समोर युराय दाल्मातिनाक याने 1448 मध्ये घडवलेली संत अनास्तासियसची वेदी होती, आणि हा संतही डायोक्लेशियनच्याच काळातला हुतात्मा. आंद्रिया बुविना याने 1214 मध्ये घडवलेली लाकडी दारे अवश्य निरखावीत. ख्रिस्तचरित्रातले 28 प्रसंग त्यांवर कोरलेले आहेत. राजवाड्यातले रोमन देव ज्युपिटरचे मंदिरही असेच बाप्तिस्मागृह होऊन वाचले आणि त्याचे कोरीव दगडी छत अजून जागेवर आहे.

राजवाड्याच्या दक्षिण भागातली तळघरे तर लोकांनी टाकलेल्या कचऱ्याने राखली, असे म्हणावे लागेल. वरच्या घरांतून शतकानुशतके केरकचरा आणि राडारोडा खाली पडत गेला, दालने भरून गेली, आणि विसाव्या शतकात ती उपसली तेव्हा रोमन कमानी शाबूत निघाल्या. वरचे शाही महाल जवळजवळ नष्ट झाले आहेत. त्यांची मांडणी कशी होती हे आपल्याला या तळघरांच्या आराखड्यावरूनच कळते, कारण वरच्या भिंती खालच्या भिंतींवर उभ्या होत्या.

रोमन भाग मोकळा दिसावा म्हणून नंतरची घरे पाडावीत, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी जोरात होता. व्हिएन्नाचे कला-इतिहासकार आलॉइस रीगल यांनी नंतरच्या थरांनाही तितकेच मोल असल्याची बाजू मांडली. काही इमारती तरीही गेल्या, पण वस्ती टिकली, आणि 1979 मध्ये युनेस्कोने राजवाड्यासह स्प्लिटचा ऐतिहासिक गाभा जागतिक वारसा यादीत घेतला तो या सलगतेमुळेच, असे मला वाटते.

म्हणून पहिली सकाळ सालोनाला द्यावी, पुढचे दोन दिवस स्प्लिटला, आणि वेळ उरला तर जवळचे त्रोगिर शहर गाठून रादोवान याने 1240 मध्ये घडवलेले कॅथेड्रलचे द्वार पाहावे. स्प्लिटमध्ये उत्तरेच्या सुवर्णद्वारावर पहारेकऱ्यांच्या चिंचोळ्या मार्गिकेत मध्ययुगात थाटलेले संत मार्टिनचे चर्च आहे. ते दोन मीटरही रुंद नाही आणि घाईत चुकते, तेव्हा ते उघडे असण्याची वेळ आधीच विचारून ठेवावी.