परदेशातील वजन-शस्त्रक्रिया: सर्जनविषयी काय विचारावे?

प्रश्न : माझे वय ४१, वजन १०२ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३८. इंग्लंडमध्ये स्लाऊला राहते. इथल्या सरकारी रांगेत दीड वर्ष गेले. इस्तंबूलच्या एका क्लिनिकने स्लीव्ह (जठर कापून लहान करण्याची) शस्त्रक्रिया, हॉटेल आणि विमानतळावरून ने-आण असे पॅकेज देऊ केले आहे. सगळे बोलणे व्हॉट्सॲपवर एका समन्वयक बाईंशी होते. विश्वास ठेवू का?

समन्वयक बाई कितीही अगत्याने बोलत असल्या तरी सुरी त्यांच्या हातात नसते, म्हणून आधी सर्जनचे पूर्ण नाव लेखी मागा. ‘आमचे अनुभवी तज्ज्ञ’ हे उत्तर मिळाले आणि दुसऱ्यांदा विचारूनही नाव आले नाही, तर अनामत रक्कम भरू नका. तुर्कस्तानात शल्यविशारदाच्या नावापुढे सहसा ‘ओप. डॉ.’ असे लिहितात; नुसते ‘डॉ.’ दिसले तर विशेष शिक्षण कशात झाले ते विचारावे. परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाकडे तिथल्या आरोग्य मंत्रालयाचे आरोग्य-पर्यटनाचे अधिकारपत्र लागते, त्याची प्रतही मागता येते.

त्यानंतर सर्जनशी स्वतः व्हिडिओवर बोला आणि तो तुम्हाला काय विचारतो याकडे लक्ष द्या. छातीत जळजळ होते का, झोपेत घोरता का, पोटाची आधी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, एवढे तरी त्याने विचारायलाच हवे. जळजळीचा प्रश्न वरवरचा नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केली जाते, तिच्यातला दाब वाढतो आणि ज्यांना आधीच आम्ल वर येण्याचा त्रास आहे त्यांचा तो पुष्कळदा बळावतो. अशांना बहुधा जठराचा बायपास, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडणे, अधिक मानवतो. तुमची एंडोस्कोपीही न पाहता स्लीव्ह ठरली असेल, तर ती पॅकेजच्या सोयीने ठरली आहे असे मी समजेन.

मग गळतीबद्दल विचारा. जठराच्या स्टेपल मारलेल्या कडेतून गळती साधारण शंभरात एखाद्या रुग्णाला होते, आणि पुष्कळदा ती रुग्ण घरी गेल्यावर उघडकीस येते. ‘आमच्याकडे असे कधीच झाले नाही’ म्हणणाऱ्या सर्जनने एक तर फार थोड्या शस्त्रक्रिया केलेल्या असतात किंवा रुग्ण विमानात बसल्यावर त्याची खबर ठेवलेली नसते. माझा भरवसा आपला आकडा सांगून ‘गळती झाली तर आम्ही असे करतो’ हे समजावणाऱ्यावर बसेल. दहाव्या रात्री दोन वाजता ताप आला तर फोन कोण उचलणार, त्याच इमारतीत अतिदक्षता विभाग आहे का आणि जादा दिवसांचे बिल कोणाच्या नावे निघणार, ही उत्तरे लेखी घ्या; साधा प्रवास विमा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची गुंतागुंत सहसा भरून देत नाही. ब्रिटनमधील उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस संस्थेच्या शिफारशीनुसार अशा रुग्णाची किमान २ वर्षे देखरेख व्हायला हवी. ती कोण करणार, हे तिकीट काढण्याआधी आपल्या जीपींना (नेहमीच्या डॉक्टरांना) विचारा.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो. मधुमेह आहे, बीएमआय ३१. तीन आठवड्यांच्या रजेत पुण्याला येऊन शस्त्रक्रिया करावी म्हणतो. मामांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. चालेल का?

पूर्वी बीएमआय ३५ च्या आत असलेल्यांना सहसा शस्त्रक्रिया सुचवत नसत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ही रेषा खाली आणली आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असे म्हटले, त्यामुळे तुमचा विचार अवाजवी नाही.

ओळखीचा उपयोग होतो, पण तो खाट लवकर मिळण्यासाठी. मामांना तेवढे सांगून डॉक्टरांचे नाव राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदवहीत पाहा, एम.एस. किंवा डी.एन.बी. असणे ही पहिली पायरी झाली, पुढे दुर्बिणीच्या आणि बॅरिॲट्रिक (वजन कमी करण्याच्या) शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण कुठे घेतले आणि वर्षाला अशा किती करता, हे समोर बसून विचारावे. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. तीन आठवडे पुरतील, पण जेमतेम. यकृत आक्रसावे म्हणून आधी घ्यायचा कमी कॅलरींचा आहार डॉक्टरांना विचारून दुबईतच सुरू करा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान १० दिवस विमानप्रवास नको असे अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. मी माझ्या रुग्णांना दोन आठवडे थांबवतो. शस्त्रक्रियेनंतर साखर काही दिवसांतच उतरू लागते, तेव्हा जुन्याच मात्रेत इन्सुलिन चालू ठेवणे धोक्याचे. म्हणून दुबईतला मधुमेहतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. शाकाहारी असाल तर बी-१२ कडे आयुष्यभर लक्ष द्यावे लागेल.

प्रश्न : मुलगी सॅन डिएगोला असते. सीमेपलीकडे मेक्सिकोत तिहुआनातल्या एका सर्जनने १२,००० शस्त्रक्रिया केल्याचे ती सांगते. आम्ही कोल्हापुरात बसून काय समजावे?

भागाकार करून पाहा. दहा वर्षे, वर्षाचे ३०० दिवस धरले तर रोज चार होतात. हाताला ते जमेलही, पण रोज चौघांना शस्त्रक्रियेआधी नीट तपासले कोणी आणि नंतर वर्षभर विचारपूस केली कोणी, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत बॅरिॲट्रिक केंद्राला पूर्ण मान्यतेसाठी वर्षाला ५० शस्त्रक्रियांचा निकष आहे. त्याच्या कितीतरी पुढचा आकडा कौशल्यापेक्षा जाहिरातीबद्दल अधिक सांगतो. मेक्सिकोत डॉक्टरच्या परवान्याला ‘सेदुला’ म्हणतात, विशेषज्ञाची सेदुला वेगळी असते आणि दोन्ही सार्वजनिक नोंदीत तपासता येतात. एवढे काम मुलगी दहा मिनिटांत करील.

मात्र सर्जन उत्तम असूनही रुग्णालय दगा देऊ शकते. जानेवारी २०१९ मध्ये सीडीसीने तिहुआनात शस्त्रक्रिया करून परतलेल्यांमधील औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूच्या संसर्गाबद्दल इशारा दिला होता, आणि त्यांपैकी बहुतेकांनी वजनाचीच शस्त्रक्रिया केलेली होती. तेव्हा उपकरणांचे निर्जंतुकीकरण कसे होते, हेही तिने विचारावे. ‘जाऊ नको’ म्हटल्याने ती थांबेल असे पत्रावरून वाटत नाही. हे प्रश्न मात्र ती विचारील.

प्रश्न : पोटाचे बोटॉक्स (जठरात दिले जाणारे इंजेक्शन) हा सुरक्षित पर्याय आहे का? त्यात कापाकापी नाही.

परिणाम तुटपुंजा आहे, आणि २०२३ च्या सुरुवातीला तुर्कस्तानात हे इंजेक्शन घेतलेल्या अनेकांना बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, झाला. तुर्कस्तान आणि युरोपातील देश मिळून ८० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. मी कोणालाही सुचवत नाही.

प्रश्न : परदेशात शस्त्रक्रिया होऊन परत आले. तब्येत ठीक आहे. हाती फक्त एक पान आहे, तेही परभाषेत. आणखी काही मागवू का?

जरूर, आणि आत्ताच. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, एंडोस्कोपीचा अहवाल, काढलेल्या जठराच्या तपासणीचा अहवाल आणि दिलेल्या औषधांची यादी मागवा. नोंदीच्या कागदावर पुष्कळदा स्टेपलरच्या काडतुसांचे छोटे चिकटलेले लेबल असतात, त्यांचाही स्पष्ट फोटो घ्या. माझ्याकडे एक बाई ‘स्लीव्ह झाली’ असे सांगत आल्या होत्या आणि सीटी स्कॅनमध्ये बायपास निघाला. त्यांच्याकडच्या पानावर रक्तगट, तारीख आणि शिक्का एवढेच होते. दोन्हींत पोषणाच्या गोळ्यांचे प्रमाण वेगळे असते, आणि बायपासनंतर आतडे अडकण्याचा जो धोका राहतो तो ओळखायला आधी बायपास झाला आहे हे ठाऊक असावे लागते.

पहिल्या काही आठवड्यांत नाडी १२० च्या वर राहिली, ताप आला, धाप लागली किंवा डावा खांदा दुखू लागला, तर क्लिनिकच्या निरोपाची वाट न पाहता ते कागद घेऊन जवळच्या तातडीच्या विभागात जावे. उलट्या थांबत नसतील तर सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्या, असे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.