कोल्ट १८५१ नेव्ही: जुनी असली घ्यावी की इटलीत बनलेली नवी?

तुमचा प्रश्न असा की टेक्सासमध्ये राहता, कोल्ट नेव्ही या जुन्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचा नाद लागलाय, तर दीडशे वर्षांपूर्वीची असली घ्यावी की उबर्टी किंवा पिएट्टा या इटालियन कंपन्यांची नवी. आणि नवी असलीच्या किती जवळ जाते. खरेदीचं उत्तर सोपं आहे. बार उडवायचे असतील तर नवी, कपाटात ठेवायची असेल तर असली. दुसरं उत्तर मात्र लांबणार, कारण ‘इटालियन म्हणजे खेळणं’ हे वाक्य रेंजवर ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

हे म्हणणारे लोक नेहमी रंगाकडे बोट दाखवतात. असलीच्या फ्रेमवरचे निळे-तपकिरी ढग हाडांच्या कोळशात तापवून आलेले, नवीचे बहुतेक वेळा रासायनिक, म्हणून भडक. मान्य. पण रंगाने गोळी इकडची तिकडे जात नाही. खरा फरक आत आहे, आणि तो बहुतेकांनी कधी मोजलेलाच नसतो.

या रिव्हॉल्व्हरला सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी नाही. फ्रेममधून एक जाड दांडा पुढे येतो, त्याला आर्बर म्हणतात. सिलिंडर त्याच्यावर फिरतो आणि नळी त्याच दांड्यावर बसते. बैलगाडीच्या आखावर चाक खिळीने अडकवावं तशी नळी एका आडव्या पाचरीने अडकवलेली असते. सगळा भार त्या पाचरीवर. असली कोल्टमध्ये आर्बरचं टोक नळीखालच्या भोकात थेट तळाला टेकतं. त्यामुळे पाचर कितीही ठोकली तरी नळी एका ठरावीक जागेपलीकडे मागे येऊच शकत नाही. उबर्टीत ते टोक तळाच्या अलीकडेच, चांगलं तीन-चार मिलिमीटर अलीकडे संपतं. मग पाचर दाबली की नळी मागे येते, खालून फ्रेमला टेकलेली असल्यामुळे वरून किंचित झुकते आणि सिलिंडर घासायला लागतो. पाचर सैल ठेवली की सिलिंडर आणि नळीतली फट वाढते, प्रत्येक बाराला नळी हादरते आणि पाचरीच्या कडा ठेचल्या जातात. काही शे बारांनंतर आर्बरची खाचही लांबट होते. लोक म्हणतात नव्याचं लोखंड मऊ. लोखंडाचा काही दोष नाही, दांडा आखूड आहे.

ओळखायचं कसं? नळी आणि सिलिंडर काढा. नुसती नळी आर्बरवर आडवी फिरवून घाला, म्हणजे तिचा खालचा भाग फ्रेमच्या बाजूला राहील, आणि तळापर्यंत दाबा. आता नळीची मागची कड आणि फ्रेमची पुढची कड एका रेषेत आली तर आर्बर बरोबर. नळीची कड फ्रेमच्या कडेच्या मागे गेली तर जितकी गेली तितका आर्बर आखूड. दुरुस्ती घरी होते. भोकाच्या मापाची पितळी किंवा पोलादी चकती कापायची, किंचित जाड ठेवायची, तळाशी टाकायची, सगळं जोडायचं, फट बघायची, चकती काढून कानशीने जरा उतरवायची, पुन्हा जोडायचं. पाचर अंगठ्याने दाबून वर लाकडी हातोडीची एक हलकी टिचकी दिल्यावर सिलिंडर आणि नळीतली फट ०.१ ते ०.१५ मिलिमीटर आली की थांबा. घाई करून चकती जास्त घासलीत तर नवी कापावी लागेल. नाहीच घासली तर नळी खाली फ्रेमला टेकणार नाही, तिथे उजेड दिसेल. अलीकडच्या पिएट्टांमध्ये ही भानगड सहसा नसते, म्हणून नेम मारायला मी पिएट्टाच सुचवतो. मुठीचा आकार मात्र उबर्टीचा असलीच्या जास्त जवळ. जुन्या पिएट्टांची मूठ खाली शेपटीसारखी फाकलेली असते.

दुसरी गोष्ट नळीची. असलीत गोळीला फिरवणारे सात चर आत कोरलेले, आणि त्यांचा पीळ मागे सैल, तोंडाकडे घट्ट होत जाणारा. नवीत पीळ सरसकट एकसारखा. नेमात यामुळे फार काही बिघडत नाही. बिघडतं ते सिलिंडरच्या भोकांमुळे. नव्या .३६ मध्ये (हे नळीचं इंचातलं माप) भोकाचं तोंड साधारण .३७० इंच आणि नळीतल्या चरांचा व्यास .३७५ च्या आसपास असं मिळतं. .३७५ ची शिशाची गोळी ठासताना कडेने तासून .३७० ची होते आणि नळीत सैल जाते. उपाय म्हणजे सहाही भोकं रीमरने, म्हणजे भोक रुंदावणाऱ्या हत्याराने, चरांच्या मापाला आणणं आणि मग .३८० ची गोळी वापरणं. शिसं निव्वळ मऊ हवं, नाहीतर ठासणीचा दांडा वाकतो. ठासताना शिशाची पूर्ण गोल कडी निघाली पाहिजे. अर्धवट निघाली तर गोळी सैल आहे आणि शेजारच्या भोकातली दारू पेटायची भीती राहते.

केपांचं, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांचं, दुखणं दोन्हींना आहे. बार झाल्यावर फुटलेली केप घोड्याच्या खाचेत पडते आणि यंत्र अडतं, ते असलीतही अडायचं. नवीबरोबर येणारी निपलं, म्हणजे केप जिच्यावर बसते ती बोंडं, बऱ्याचदा दहा नंबरला जाड आणि अकरा नंबरला बारीक अशी अधांतरी असतात. चांगली निपलं वेगळी घ्या. असलीची निपलं नवीला बसत नाहीत, कारण इटालियन आटे मेट्रिक. नेम दोन्हींचा जवळच्या अंतरावर वर जातो: घोड्यावरची खाच हीच मागची माशी, आणि ती लांबच्या अंतरासाठी ठरवलेली आहे. नवीत पुढचा पितळी मणी उंच बसवून हे सुटतं. असलीला हात लावू नका, मण्याबरोबर किंमतही जाईल.

आता जिथे ‘खेळणं’ म्हणणारे बरोबर आहेत ते. दुकानात पितळी फ्रेमची .४४ ‘१८५१ नेव्ही’ दिसते ना? अशी वस्तू कोल्टने कधी बनवलीच नाही. नेव्ही म्हणजे .३६, लोखंडी फ्रेम, साडेसात इंच अष्टकोनी नळी. पितळी फ्रेम ही अमेरिकेच्या यादवी युद्धात लोखंडाची चणचण असलेल्या दक्षिणेकडच्यांची, जॉर्जियातल्या ग्रिसवोल्ड कारखान्याची वगैरे, आणि तीही .३६ ची, गोल नळीची. पितळ जोरदार बारांनी ताणतं, सिलिंडरच्या दात्यांचे ठसे मागच्या भिंतीत उमटतात आणि फट वाढत जाते. स्वस्त असते म्हणून घेऊ नका.

असलीची पारख करताना आधी एक काम: सहाही भोकांत लाकडी काडी घालून खोली मोजा. दीडशे वर्षं भरलेलीच राहिलेली रिव्हॉल्व्हरं अजून सापडतात. मग नंबर बघा. नळी, फ्रेम, चापाचं कडं, मुठीची पट्टी, सिलिंडर, अगदी पाचरीवरसुद्धा तोच नंबर किंवा त्याचे शेवटचे आकडे हवेत. सिलिंडरवर टेक्सासच्या आरमाराची लढाई कोरलेली असते, १६ मे १८४३ या तारखेसकट. असलीत ती रुळाने दाबलेली, बारीक आणि उथळ, त्यामुळे बहुतेक ठिकाणी झिजलेली. ती जितकी टिकली तितका भाव चढतो. सगळं जुनाट आणि चित्र तेवढं खोल, ठसठशीत असेल तर शंका घ्या. लबाड लोक इटलीतल्या गार्डोनेच्या बंदूक-चाचणीगृहाचे शिक्के घासून, ॲसिडने गंज आणून नवीची जुनी करतात. ठासणीचा दांडा खाली ओढून नळीच्या पोटाशी बोट फिरवा, घासलेली जागा खोलगट लागते. एक स्क्रू काढून आटे मोजा. ते मेट्रिक निघाले तर विषय संपला. नवीवर चौकटीत दोन अक्षरं असतात, ते चाचणीचं साल. १९७५ ला एए पासून ही अक्षरं सुरू झाली, त्याआधी रोमन आकडे.

लंडनच्या पत्त्याची नेव्ही दिसली तर खोटी समजू नका. कोल्टचा तिथे १८५३ ते १८५६ कारखाना होता, चापाचं कडं बहुतेक लोखंडी. १८५७ च्या धामधुमीत काही ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला इथे भारतात हीच नेव्ही होती.

आणि हो, नवीचं पोलाद आधुनिक असलं तरी तिची चाचणी काळ्या दारूसाठीच झालेली असते, शिक्क्यात पीएन (इटालियनमध्ये काळी दारू) त्याचसाठी. धूररहित दारू एक चिमूटभरही नको. २०-२२ ग्रेन बारीक काळी दारू पुरते. सिलिंडरच्या मागे, भोकांच्या मधे घोडा टेकवायच्या पिना झिजलेल्या असतात तेव्हा पाचच भरा, घोडा रिकाम्या भोकावर. संध्याकाळी गरम पाण्याने धुतली नाहीत तर सकाळी गंज. असलीतून बार उडवू नकाच. निपलांच्या मुळाशी गंज किती आत गेलाय ते बाहेरून कळत नाही.

कायद्याचं आधी सांगायला हवं होतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंतची असली आणि तिची केपवाली प्रतिकृती दोन्ही ‘अँटिक’. राज्यांचे नियम वेगळे, टेक्सास सोडून दुसरीकडे बदली झाली तर आधी तिथले वाचा. ब्रिटनमध्ये असली शोभेची म्हणून ठेवता येते, पण नव्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला परवाना लागतो. भारतात सुट्टीला येताना बॅगेत यातलं काहीही आणू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला, चालणाऱ्याला नाही. गावच्या वाड्यात अशी एखादी निघाली तरी तिकडे नेता येणार नाही: शंभर वर्षांपुढची पुरावस्तू खासगी माणसाने देशाबाहेर नेणं १९७२ च्या कायद्याने बंद आहे.