कॅव्हेलियरचं ‘एकच लिटर’ काढायचं म्हणताय तर आधी क्लबमध्ये या

ताई, तुम्ही लिहिलंय की रेडिंगला राहता, चिंगी ही तुमची 14 महिन्यांची ब्लेनहाइम, म्हणजे पांढऱ्या-तपकिरी रंगाची, कॅव्हेलियर जातीची कुत्री आहे, दोन घरं सोडून एकांकडे कॅव्हेलियरचाच नर आहे, तर पुढच्या हीटला, म्हणजे ती माजावर आली की, एक लिटर (एका वेळची पिल्लं) काढावं का, पिल्लं ओळखीतच देऊ आणि एक पुण्याला भावाकडे, आणि जोडीने कॅव्हेलियर पाळणाऱ्यांच्या क्लबमध्ये काही काम करता येईल का. तुम्ही हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत पण मला ते एकच वाटतात. आधी क्लबचं काम करा, निदान दोन वर्षं, मग लिटरचं बघू. मी 2006 पासून कॅव्हेलियर पाळतेय, इंग्लंडातच, मिडलंड्सकडे, आणि मी नेमकं उलटं केलं म्हणून सांगतेय.

पुढच्या हीटला नको, हे आधीच सांगून टाकते. केनेल क्लबच्या, म्हणजे इकडे कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, नियमात बसेल, कारण मेटिंगच्या वेळी आई वर्षाची पूर्ण असली की ते लिटर रजिस्टर करतात, पण कॅव्हेलियरला तेवढं पुरत नाही. या जातीत हृदयाची मिट्रल झडप झिजते, पाच वर्षांपर्यंत जवळजवळ निम्म्या कुत्र्यांना मर्मर (ठोक्यांमध्ये ऐकू येणारा जादा आवाज) आलेला असतो आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक सगळ्यांना. हे एका जनुकाचं काम नाही त्यामुळे डीएनए टेस्ट करून मोकळं व्हायची सोय नाही. म्हणून जुने जबाबदार ब्रीडर एक साधा नियम पाळतात, नर आणि मादी दोघंही किमान अडीच वर्षांचे आणि हृदय तपासून स्वच्छ, आणि त्या दोघांचे आईवडील पाच वर्षांचे होईपर्यंत स्वच्छ. म्हणजे चिंगीला अजून सव्वा वर्ष थांबायचंय आणि तेवढ्यात तुम्हाला तिच्या आईवडिलांचे हृदयाचे रिपोर्ट शोधायचेत. शेजारच्या नराचे आईवडील कोण हे त्या घरच्यांना तरी माहीत आहे का, विचारून बघा.

दुसरं म्हणजे डोकं आणि मणका. माझी पहिली कुत्री रमा, तिच्यापासून पिल्लं घ्यायची हे मी ती घरी आली त्या दिवसापासून ठरवलं होतं. चालताना मध्येच थांबून ती मानेजवळ खाजवायची, पण नखं अंगाला लागायचीच नाहीत, पाय नुसता हवेत हलायचा. मला वाटायचं पट्टा टोचतोय, तीन पट्टे बदलले. क्लबच्या एका वॉकला एक वयस्कर बाई माझ्याबरोबर चालत होत्या, त्यांनी दहा मिनिटं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या स्कॅन करून घे, आजच व्हेटला फोन कर. कवटी मेंदूला अपुरी पडते, मणक्यातल्या पाण्याचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत पोकळ्या होतात, त्याला सिरिंगोमायेलिया म्हणतात. 2012 पासून इकडे व्हेट संघटना आणि केनेल क्लबची एमआरआयची अधिकृत स्कीम आहे, ग्रेड 0 (स्वच्छ) ते 2 (सगळ्यात वाईट) आणि पुढे स्कॅनच्या वेळच्या वयाचं अक्षर. रमाचा ग्रेड 2 आला. तिला स्पे केली (नसबंदी), औषधं सुरू केली आणि ती पुढे आठ वर्षं माझ्या पायाशी झोपली. पिल्लं काढायची नाहीत हे ठरवायला मला एक संध्याकाळ लागली आणि त्याचं दुःख पुष्कळ दिवस राहिलं. तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते, तेव्हा स्कॅन करायच्या आधीच नवरा-बायको बसून ठरवा की रिपोर्ट वाईट आला तर आपण थांबणार. रिपोर्ट हातात आल्यावर मन पळवाटा शोधतं.

डीएनएच्या टेस्ट मात्र सोप्या आहेत, गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा. एपिसोडिक फॉलिंग (स्नायू आखडून कुत्रं पडतं) आणि ड्राय आय करली कोट (कोरडे डोळे आणि खरखरीत कुरळे केस), या दोन तर हव्याच. नर-मादी दोघंही कॅरिअर असतील, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण दोषी जनुकाची एक प्रत बाळगतात, तर दर पिल्लाला चारात एक शक्यता आजाराची, एक कॅरिअर आणि एक क्लिअर असेल तर आजारी कोणी होत नाही, त्यामुळे नुसत्या कॅरिअरला घाबरून चांगली कुत्री बाद करू नका, आधीच ही जात फार थोड्या कुत्र्यांवर उभी आहे.

ते कसं ते थोडं सांगते कारण त्याशिवाय हे सगळं कशासाठी ते कळत नाही. जुन्या चित्रांत चार्ल्स राजाच्या काळातले लांब तोंडाचे छोटे स्पॅनियल दिसतात, पुढे फॅशन बदलली आणि चपट्या तोंडाचे आले, तेच आजचे किंग चार्ल्स. 1926 साली रॉस्वेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थाने क्रफ्ट्स या मोठ्या डॉग शोला जुन्या वळणाच्या सर्वोत्तम नराला आणि मादीला 25-25 पौंडांचं बक्षीस लावलं, त्यातून 1928 ला कॅव्हेलियरचा क्लब निघाला आणि 1945 ला केनेल क्लबने कॅव्हेलियर वेगळी जात म्हणून मान्य केली. मध्ये युद्धात खायला नव्हतं, साठेक कुत्री असलेल्या एका केनेलमध्ये तीन उरली होती. एवढ्याशा पायावर लाखो पिल्लं. 2008 च्या बीबीसीच्या डॉक्युमेंटरीने हेच आजार घराघरात दाखवले आणि 2023 ला नॉर्वेच्या सुप्रीम कोर्टाने तिथल्या कॅव्हेलियरचं शुद्ध ब्रीडिंग प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवलं. तुम्ही लिटर काढाल तेव्हा ‘कॅव्हेलियर अजून का काढता’ असं लोक तोंडावर विचारतील, आणि विचारावंच त्यांनी. उत्तर म्हणून तुमच्याकडे कागद पाहिजेत.

आता क्लबचं. सगळ्यात आधी हार्ट टेस्टिंगच्या दिवशी या. गावातला हॉल असतो, एका टोकाला पडदा, त्यामागे कार्डिओलॉजिस्ट. माझं पहिलं काम होतं दारात उभं राहून हॉल शांत ठेवायचं, कारण ग्रेड 1 चा मर्मर इतका हलका असतो की खुर्ची सरकली तरी हरवतो. कुत्रं धापा टाकत असेल तर डॉक्टर हाताने त्याचं तोंड हलकेच मिटवून धरतात आणि ऐकत राहतात. एक मिनिट, कधी दोन. मालक डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत असतात. सहा वर्षांची पाच कुत्री एकामागून एक स्वच्छ निघाली की कोणाच्या लाइनमधली आहेत ते वहीत लिहून ठेवा, तुमचा स्टड, म्हणजे चिंगीसाठी नर, तिथेच मिळेल. आणि कोण मर्मर निघाल्यावर सगळ्यांदेखत तसं सांगतो आणि कोण गुपचूप गाडीकडे जातो तेही दिसेल, पिल्लू किंवा स्टड कोणाकडून घ्यायचा हे मी त्यावरून ठरवते.

शोमध्ये रिंग स्टुअर्डचं काम शिकायला मिळतं, नंबर वाटायचे, कोण गैरहजर ते लिहायचं, जजने आधीच्या क्लासमध्ये बघितलेली कुत्री क्रमाने उभी करायची. दिवसभर उभं राहावं लागतं, पण दीडशे कुत्र्यांची चाल, दात, डोळे जवळून बघता येतात.

रेस्क्यूचं, म्हणजे सोडवून आणलेली कुत्री सांभाळायचं, काम जड आहे, ते सहा महिन्यांनी घ्या. पपी फार्ममधून, म्हणजे विकायला सतत पिल्लं काढणाऱ्या ठिकाणाहून, सुटलेली एक मादी माझ्याकडे तीन आठवडे होती, सात वर्षांची असेल. तिला गवत माहीत नव्हतं. अंगणात सोडलं तर फरशीच्या कडेला येऊन थांबायची आणि एक पंजा पुढे करून परत घ्यायची. पोटाची कातडी लोंबत होती इतक्या वेळा व्यायलेली. ज्या लूसीच्या नावाने 2020 चा कायदा आला, ज्यामुळे इंग्लंडात दलालाकडून पिल्लू विकणं बंद झालं, ती लूसी कॅव्हेलियरच होती, वेल्समधल्या फार्मवरून सोडवलेली.

बाळंतपणाचंही सांगते, कारण ‘कुत्र्यांना निसर्गतः जमतं’ असं तुम्ही लिहिलंय. जमतं, पण दर वेळी नाही. साधारण 63 दिवस, आणि अंगाचं तापमान मोजत राहायचं, 37 अंशांच्या खाली उतरलं की बहुतेक दिवसभरात कळा सुरू होतात. गाभणपणात आपल्या मनाने कॅल्शियम देऊ नका, नंतर दूध चढल्यावर उलट त्रास होतो. माझ्या पहिल्या लिटरमध्ये (रमाचं नव्हे, दुसऱ्या कुत्रीचं) चार पिल्लं, त्यातलं एक 140 ग्रॅमचं. किचनच्या काट्यावर रुमाल घालून दर दोन तासांनी वजन, 140, 136, 131. अंग गार लागत होतं आणि मी घाबरून त्याला दूध पाजलं. रात्री एक वाजता त्याच वॉकवाल्या बाईंना फोन केला, त्या झोपेतून उठून म्हणाल्या, गार पिल्लाला दूध पचत नाही, आधी छातीशी धरून ऊब दे, मग पाज. तिसऱ्या दिवशी ते गेलं. आधी दोन वर्षं क्लबात काढली असती तर ही गोष्ट मला त्या रात्रीआधी माहीत असती.

पुण्याचं पिल्लू मनातून काढून टाका. रेबीजची लस, कागद, विमान हे एक झालं, पण माझी अट अशी असते की पिल्लू कुठल्याही वयात कुठल्याही कारणाने परत आलं तर मी घेणार, करारात तसं लिहिते, आणि पुण्याहून ते परत कसं आणाल? ओळखीतल्या लोकांनाही हाच करार द्या, आठ आठवड्यांआधी पिल्लू देऊ नका, चिप तुमच्या नावावर आधी लागलेली पाहिजे. वर्षात तीन किंवा जास्त लिटर झाली तर कौन्सिलचं लायसन्स लागतं, आणि धंदा म्हणून विकत असाल तर कमी लिटरलाही, तुमचं एक असलं तरी कौन्सिलला विचारून घ्या.

सध्या एवढंच करा, चिंगीच्या पेडिग्रीच्या कागदावर आईवडिलांची रजिस्टर्ड नावं असतील, ती केनेल क्लबच्या वेबसाइटवर टाकून कोणते हेल्थ रिझल्ट दिसतात ते इथे लिहा, आपण मिळून वाचू. आणि हार्ट टेस्टिंगला येताना चिंगीला सकाळी फिरवून आणा, दमलेली असली की शांत उभी राहते.