तुवालू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात एवढा पाऊस पडतो, तरी पाणीटंचाई का? पत्र्यावरचं पाणी साठवून भागेल का?

भागतं, पण टाकीपेक्षा पन्हळीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. राजधानीच्या फुनाफुती बेटावर नदी नाही, ओढा नाही. विहिरीचं पाणी खारावलेलं, शिवाय शौचखड्ड्यांमुळे दूषित. म्हणजे सगळी भिस्त छपरावर. 2011 साली ला निनामुळे (पॅसिफिकचं पाणी थंडावून पाऊसमान बदलतं ती स्थिती) पाऊस लांबला, आणीबाणी जाहीर झाली आणि घरटी दिवसाला जेमतेम 40 लिटर पाणी मिळू लागलं.

हिशोब सोपा आहे. 100 चौरस मीटर पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1000 लिटर. गळती-उडती धरून हातात 800. सहा माणसं, माणशी रोज 40 लिटर, तर 10,000 लिटरची टाकी जेमतेम 41 दिवस पुरते. म्हणून चर्च आणि सभागृहाच्या मोठ्या छपरांखाली सामाईक टाक्या हव्यातच.

बिघडतं ते बहुतेक पन्हळीत. खाऱ्या वाऱ्यानं लोखंडी क्लॅम्प गंजतात, पन्हळ मधेच झोळ खाते आणि जोराच्या सरीत अर्धं पाणी बाहेर सांडतं. पीव्हीसी पन्हळ, स्टेनलेसचे स्क्रू, दर मीटरला आधार आणि दोन मीटरला एक सेंटिमीटर उतार ठेवा. पहिलं 50 लिटर पाणी छपरावरच्या धूळ आणि पक्ष्यांच्या विष्ठेसकट वेगळ्या पाइपात वळवा. तो पाइप पावसानंतर रिकामा केला नाही तर पुढच्या सरीची घाण थेट टाकीत. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर डेंगीचे डास तिथेच वाढतात.

सामाईक टाकीची तोटी मात्र कुलपात ठेवा आणि किल्ली कुणाकडे, हे आधीच ठरवा.