पीएच ५ हा डॅनिश दिवा जेवणाच्या टेबलावर लावायचा विचार आहे, पण एवढ्या महागाच्या दिव्याचा उजेड पुरतो का?

पुरतो. ज्यांना पुरला नाही त्यांनी तो छताला चिकटवून टांगलेला असणार, आमच्याकडे हेच झालं म्हणून सांगते.

आम्ही कोपनहेगनला भाड्याच्या घरात आलो तेव्हा छताला नुसते हुक, दिवा एकही नाही, इथे लोक घर सोडताना दिवे काढून घेऊन जातात. डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. बिल्डिंगमधल्या एका आजींनी घर बदलताना त्यांचा जुना पीएच ५ मला स्वस्तात दिला, मी इतकी खूश होते, आणि नवऱ्याने तो पार वर टांगला. का, तर खाली डोक्याला लागेल आणि घरभर उजेड पडायला हवा. झालं, ताटात काय वाढलंय तेही धड दिसेना. मग आला भगभगीत पांढरा एलईडी पॅनल, आणि दिवा दोन वर्षं खोक्यात.

सासरे साताऱ्याहून आले तेव्हा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. पॅनलखाली बसले की कपाळावर आडवा हात धरायचे. मला बघवेना. नवरा ऑफिसला गेल्यावर मेन स्विच बंद करून मी स्वतः दिवा लावला, टेबलापासून ६० सेंटिमीटरवर. संध्याकाळी बाबा मटार सोलायला बसले, हात खालीच. म्हणाले, "कंदिलासारखा आहे गं, डोळ्यावर येत नाही."

अगदी हेच तर आहे! हा दिवा घडवणारा पॉल हेनिंगसेन (पीएच ही त्याचीच आद्याक्षरं) १८९४ चा, लहानपण तेलाच्या दिव्यांत गेलेलं, उघड्या बल्बने डोळे दिपतात हे त्याला खुपत होतं आणि तो जन्मभर त्याच्यामागे लागला. १९५८ साली पीएच ५ आला. मोठी शेड ५० सेंटिमीटरची, म्हणून ५. एकाखाली एक शेड अशा बसवल्यात की बल्ब डोळ्याला दिसतच नाही, उजेड पत्र्यावर आपटून खाली आणि बाजूला पसरतो. खालून वाकून बघा, आत थोडा लाल आणि थोडा निळा रंग दिसेल, तो उजेड मऊ करायला दिलाय. लख्ख म्हणजे चांगला उजेड ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे, मी घरात दोन वर्षं हेच सांगत होते.

आता एवढं खरं की अख्खी खोली एका दिव्यावर निघणार नाही, कोपऱ्यात अजून एक-दोन छोटे दिवे लागतीलच. टेबल सारखं हलवत असाल तर मात्र घेऊ नका, खाली टेबल नसेल तर डोकं आपटतंच. जुना घेतलात तर वायर आणि होल्डर बदलून घ्या. बल्ब पिवळसर, २७०० केल्विनचा. वरच्या शेडवर धूळ बसते, ती पुसत राहा नाहीतर उजेड मंदावतो.

आणि घरात कोणी वर टांगा म्हणालं तर ऐकू नका. टेबलाच्या फळीपासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत ६० सेंटिमीटर, टेप लावून मोजा, आणि आठवडाभर त्याखाली जेवून बघितल्याशिवाय वायर कापू नका.