शेळीचं दूध, लोहाचं टॉनिक आणि एमसीव्ही १०८

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाळ १३ महिन्यांचं, सहाव्या महिन्यापासून शेळीचंच दूध, वरचं खाणं जवळपास नाहीच, हिमोग्लोबिन ७.८, दोन महिने लोहाचं टॉनिक पाजून पण काटा हलत नाही, आणि सासूबाई म्हणतात डाळिंबाचा रस वाढवा. शेवटी तुम्ही जाता जाता एक आकडा टाकलाय, एमसीव्ही १०८. अहो, सगळी गोष्ट तिथंच आहे की!

मी डॉक्टर नाही, सोलापुरात ३१ वर्षं लॅबमध्ये स्लाइडी बघितल्या, त्यावरून सांगतो. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, या वयात साधारण ७० ते ८६. लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात, थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषात पण बारीकच. तुमच्याकडे फुगल्यात. म्हणजे बहुतेक फोलेट (फोलिक ॲसिड म्हणतात तेच जीवनसत्त्व) नाहीतर बी१२ कमी, आणि नुसत्या लोहानं ते भरून निघत नाही. शेळीच्या दुधात फोलेट फारच थोडं असतं, त्यात आपण तीनदा उकळी आणणार, मग जे होतं तेपण जातं.

ही फोलेटची कमतरता पहिल्यांदा ज्या बाईंच्या लक्षात आली त्या डॉक्टर ल्युसी विल्स, इंग्लंडच्या, आणि काम केलं ते आपल्या मुंबईत. १९२८ ला आल्या, कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग (रक्त कमी होणं) व्हायचा तो बघायला. (सोलापूर पण गिरण्यांचंच गाव, त्यामुळं मला त्या जरा जवळच्या वाटतात.) आधी वाटलं जंतूचा प्रकार असेल, पण निघाला ताटातला. उंदीर झाले, माकडं झाली, शेवटी यीस्टचा अर्क, तो ब्रेडला लावायचा काळा मार्माइट, त्यानं बायका बऱ्या झाल्या. गंमत म्हणजे लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क, जो दुसऱ्या एका पंडुरोगावर चालायचा, तो इथं चालेना. म्हणजे कमी पडणाऱ्या वस्तू दोन वेगळ्या, आजच्या भाषेत इथं फोलेट, तिथं बी१२. यीस्टचं त्यांनी १९३१ लाच छापलं होतं, १९४१ ला दुसऱ्यांनी पालकातून ती वस्तू काढली आणि पानावरून नाव पडलं फोलिक ॲसिड. पुढं ती अमेरिकेत कारखान्यात तयार केली त्या टीमचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमवरमचे, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू मंडळींनी कॉलर ताठ करावी असा माणूस.

आता माझी चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मोहोळकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या, पोरगं लिंबासारखं पिवळट, दात टॉनिकनं काळे. चिठ्ठीवर फक्त हिमोग्लोबिन लिहिलेलं, मी तेवढंच करून दिलं. महिन्यानं परत आले, आकडा अजून खाली. तेव्हा कुठं स्लाइड केली. लाल पेशी मोठ्या आणि लांबट, आणि पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला तीन-चार पाळ्या असायच्या तिथं सहा-सहा, गुच्छासारख्या. आजींना विचारलं दूध कुठलं, तर म्हणाल्या "शेरडाचं, लय पचतंय." एक स्लाइड आधी केली असती तर महिना वाचला असता, अजून टोचतं.

तर तुम्ही काय करायचं. बालरोगतज्ज्ञांना एमसीव्ही दाखवा आणि पेरिफेरल स्मिअर (तीच रक्ताची स्लाइड), बी१२, फोलेट, फेरिटिन (लोहाचा साठा) करायचं का विचारा. मेडिकलमधून स्वतःच फोलिक ॲसिड आणून पाजू नका, कारण बी१२ पण कमी असलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. बाळाचे हात थरथरतात का, बसायला लागलेलं परत मागं गेलंय का, बोटांचे सांधे काळे पडलेत का, असलं काही असेल तर उद्याची वाट नको. तुम्ही शाकाहारी आणि बाळ अंगावर पण पीत असेल तर तुमचं स्वतःचं बी१२ पण बघून घ्या.

डाळिंबाचं म्हणाल तर आपला जिल्हाच डाळिंबाचा, पण लाल रंगानं रक्त होत नाही ओ, लोह त्यात नावालाच. त्यापेक्षा फोलेटसाठी मुगाचं वरण, चवळी, शिजवून घोटलेला पालक, आणि शेंगा, म्हणजे शेंगदाणे! चटणी नको, तिखट लागेल, बारीक कूट भाकरीच्या काल्यात घाला, अख्खा दाणा मात्र देऊ नका, घशात अडकतो. शेळी विकायची काही गरज नाही, ते दूध सासऱ्यांच्या चहाला चालेल.

रिपोर्टचा फोटो टाका, बाळाचं नाव झाकून, स्मिअरची ओळ असेल तर ती नीट दिसू द्या.